साहेबाने उसना नेलेला निळा फेटा

मी एक जुना निळा फेटा आहे आणि मित्रांनो, मी जळकुकडा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

नागपूरच्या दुकानातून गुरुनाथरावांनी मला पारखून घेतलं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मी त्यांच्या डोक्यावर असे. लोक म्हणत, फेटा बांधावा तर गुरुनाथरावांनी. ते गेल्यावर त्यांचा मुलगा भानुदास मला अमेरिकेत घेऊन आला आणि जॉर्जिया राज्यातल्या अल्फारेटाच्या घरी त्याने मला कपाटात ठेवून दिलं, थंडीच्या जाकिटांखाली. जयंतीला इथली मंडळी हॉल घेत. भानुदास तिथे टाय लावून जाई. त्या वीतभर पट्टीला मान आणि मी अंधारात! मला फार राग येई.

१९९६ साली त्याच्या मुलीला, रोशनीला, शाळेत जॉर्जियाच्या इतिहासातल्या एका माणसाचं सोंग घ्यायचं होतं. तिच्या वाट्याला एक गोरा साहेब आला. दोनशे वर्षांपूर्वी तो क्रीक लोकांत, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांत, जाऊन राहिला, त्यांच्यातच लग्न केलं आणि शेवटी स्वतःला त्यांचा पुढारी म्हणवू लागला. शाळेच्या सूचनेत होतं, 'इंडियन टर्बन' हवं. रोशनीची आई प्रणिता म्हणाली, इंडियन ना, मग घरातच आहे. तिने मला बाहेर काढलं. मी फुलून गेलो.

मग पुस्तकातलं चित्र पाहिलं. इंडियन म्हणजे आपण नव्हे, क्रीक लोक. साहेबाच्या डोक्यावर त्यांचं पागोटं होतं, वर पिसं. दुसऱ्यांचं पागोटं बांधून हा पुस्तकात जाऊन बसला आणि माझा माणूस स्वतःचा फेटा बांधायला लाजतो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यात प्रणिताने कात्री आणली. एवढा लांब कशाला, अर्धा पुरेल, असं तिचं म्हणणं.

"कट नको करूस," भानुदास म्हणाला. "मी बांधतो."

पण मुलीच्या डोक्यावर त्याला जमेना. वडिलांनी शिकवलं होतं ते स्वतःच्या डोक्यावर. म्हणून त्याने आधी मला स्वतःच्याच डोक्याला बांधलं. आरशात डावीउजवीकडून न्याहाळलं. मग मला अलगद उचलून, आत वर्तमानपत्र कोंबून रोशनीच्या डोक्यावर ठेवलं. वर पिसं खोचली.

शाळेत जो तो साहेबाचं कौतुक करू लागला. काय रुबाबदार टर्बन होतं म्हणे त्याचं! रुबाब माझा, नाव त्याचं. मी आतल्या आत जळत होतो. तेवढ्यात बाईंनी विचारलं, हे त्याने क्रीक लोकांकडून घेतलं ना?

"नो," रोशनी म्हणाली. "धिस इज माय आजोबाज फेटा. ही जस्ट बॉरोड इट."

भानुदास मागेच उभा होता. त्याने चष्मा काढून पुसला. त्या वर्षीच्या जयंतीला तो मला बांधून हॉलमध्ये गेला आणि दारातच दोन काकांनी त्याला थांबवून विचारलं, आम्हाला शिकवशील का.

तरी खरं सांगू? चित्रातल्या त्या पागोट्याचा मला अजून हेवा वाटतो. दोनशे वर्षांत ते कुणी उतरवलेलं नाही. मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटात माझ्यासारखं कुणी असेल. त्याला डांबराच्या गोळ्या घालून नुसतं जपू नका. डोक्यावर घ्या.