मुकुल गेला आणि खापर माझ्यावर फुटलं

मित्रांनो, जरा मान वर करा. त्या पांढऱ्या फळीला जडलेलं, केशरी रंगाचे पोपडे निघालेलं लोखंडी कडं दिसतंय ना, तीच मी. मुलुंडमधल्या एका कॉलनीच्या मैदानातली मी एक जुनी बास्केटबॉलची रिंग आहे. माझी जाळी अर्धीच उरली आहे आणि मी उजवीकडे किंचित झुकलेली आहे. हसू नका. त्यात माझा काही दोष नाही.

माझा जन्म भांडुपच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. जाड सळई तापवून, ठोकून मला गोल केलं. मला खांबावर चढवलं त्या दिवशी सगळ्या कॉलनीने टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे एका गणेशोत्सवात मांडववाल्यांनी मंडपाची दोरी माझ्याच गळ्यात बांधली. वारा सुटला, कापड फुगलं आणि मी वाकले. गणपती गावाला गेले, मी वाकडीच राहिले. "बघू नंतर," असं सगळे म्हणाले. ते 'नंतर' अजून यायचं आहे.

माझा हा वाकडेपणा फक्त एका माणसाला कळला. समोरच्या इमारतीत राहणारा मुकुल. बाहेरच्या संघांचे खेळाडू नाकासमोर नेम धरायचे आणि चेंडू माझ्या कडेवर आपटून परत जायचा. मुकुल मात्र बोटभर उजवीकडे नेम धरायचा. चेंडू अलगद आत. शाळेत असल्यापासून तो माझ्यापुढे घाम गाळत आला. कॉलेज झालं, नोकरी लागली, तरी ऑफिसची बॅग खांबाशी टाकून तो आधी मैदानात उतरायचा. आमच्या संघाचा तो हुकमी एक्का होता. कॉलनीत त्याला 'घरचा मुकुल' असंच म्हणत. मलाही तो माझाच वाटायचा, खोटं कशाला सांगू?

आमच्या मैदानाची एक रीत आहे. दसऱ्याला चेंडूची, शिट्टीची आणि माझी पूजा होते. मला झेंडूची माळ घालतात. मग संघाचे सेक्रेटरी भाऊराव एकेका खेळाडूसमोर चेंडू धरतात आणि सगळ्यांदेखत विचारतात, "या वर्षी आमच्याकडून खेळशील?" ज्याचा होकार असेल तो चेंडू घेतो आणि न बोलता माझ्यात टाकतो. पवईहून, कांजूरमार्गहून आलेल्या प्रत्येक खेळाडूला भाऊरावांनी असं मानाने विचारलं आहे. मुकुलला कधीच नाही. घरच्याला काय विचारायचं? तो त्या वेळी पेढे वाटत असायचा.

मागच्या दसऱ्याला मुकुल नवा शर्ट घालून आला होता. कांजूरमार्गच्या खेळाडूनंतर तो हात पुसत एक पाऊल पुढे सरकला. भाऊराव हसून म्हणाले, "अरे, तू कुठे रांगेत? जा, पेढ्यांचा बॉक्स उघड." मुकुलही हसला आणि गेला. मीही ते पाहिलं. त्यात पाहण्यासारखं काही आहे, असं तेव्हा मला वाटलं नाही.

उपनगरांच्या आमच्या स्पर्धेचा नियम असा की, हंगाम संपला की खेळाडू मोकळा. हव्या त्या संघात जावं. यंदा हंगाम संपला आणि बातमी आली, मुकुल अंधेरीच्या संघात गेला. कॉलनीत जणू वीज गेली. रोज संध्याकाळी माझ्या खालच्या कट्ट्यावर एकच विषय.

"सिंपल आहे यार," हर्षद म्हणाला. हर्षद पहाटे उठून अमेरिकेतल्या मॅच बघतो, त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं. "याला फ्री एजन्सी म्हणतात. तिकडे लाकडी कोर्ट, वर एसी. इथे काय आहे? धूळ!"

"धूळ काय काल आली?" रेवती उसळली. ती मुकुलच्याच मजल्यावर राहते, बँकेत आहे, आणि मॅचला तिच्याइतकं मोठ्याने कोणी ओरडत नाही. "इतकी वर्षं त्याच धुळीत खेळला ना तो?"

मला हर्षदचं पटलं. मग रेवतीचं पटलं. दुसऱ्या दिवशी हर्षदने नवीनच शोध लावला. बी विंगमधली दीप्ती लग्न होऊन अंधेरीला गेली, म्हणून मुकुल तिच्यामागे गेला. मला तेही पटलं आणि फार वाईट वाटलं. मग रेवतीने सांगितलं, "अरे येड्या, दीप्ती दहिसरला असते आणि तिचं सगळं झकास चाललंय." झालं, माझं डोकं पुन्हा गरगरायला लागलं.

भाऊराव या वादात पडत नसत. एका कोपऱ्यात बसून चष्मा पुसत राहायचे. एकदाच बोलले. "पोटच्या पोरासारखं वागवलं रे त्याला. माझं काय चुकलं, एवढं तरी सांगून जायचं."  रेवतीने मान खाली घातली.

आणि मग हर्षदने वर पाहिलं. "काका, ही रिंग बघा ना! वाकडी, गंजलेली. असल्या रिंगवर कोण थांबेल? हिच्यामुळेच गेला तो."

सगळ्यांनी वर पाहिलं. कितीतरी वर्षांनी सगळे एकदम माझ्याकडे बघत होते, आणि तेही अशा नजरेने! दसऱ्याला मला उतरवून भंगारात द्यायचं आणि नवी रिंग बसवायची असं तिथल्या तिथे ठरलं. नवी रिंग येऊनही पडली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, माझ्याच खांबाच्या पायथ्याशी. मी दिवसभर विचार करायची, खरंच माझ्यामुळे गेला असेल का? मग मला इतकी वर्षं त्याने सांभाळून का घेतलं? मला काहीच उमगत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी मैदान रिकामं असताना, संघ सोडल्यापासून पहिल्यांदाच, मुकुल चेंडू घेऊन आला. ती नवी रिंग बघून थबकला. रेवतीने गॅलरीतून पाहिलं आणि चपला न घालताच ती खाली धावली.

"का गेलास रे?" तिने सरळच विचारलं. "हर्षद म्हणतो एसी, कोण म्हणतं रिंग."

"रिंग?" मुकुल गोंधळला. "रिंगने काय केलं?"

"मग कोणी काय केलं?"

मुकुलने हातातला चेंडू एकदा जमिनीवर आपटून झेलला. "काही नाही गं. अंधेरीवाले घरी आले. समोर बसून विचारलं, आमच्याकडून खेळशील का? मला एवढं भरून आलं ना... तेव्हाच हो म्हणालो. यंदाचा शब्द दिलाय त्यांना."

"पण तू तर घरचा! घरच्याला कोण विचारतं?"

"हो ना," मुकुल म्हणाला. "कोण विचारतं?"

रेवती तडक भाऊरावांकडे गेली.

दसरा उजाडला. मला माळ घातली, कदाचित शेवटची. एकेकाला विचारून झालं. मुकुल कडेला उभा होता, सवयीने पेढ्यांचा बॉक्स हातात. भाऊरावांनी तो बॉक्स त्याच्या हातातून काढून हर्षदला दिला आणि चेंडू पुढे धरला.

"यंदाचं ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "तरी विचारतो. फार आधी विचारायला हवं होतं. पुढच्या वर्षी आमच्याकडून खेळशील?"

 मुकुलने चेंडू घेतला. मी घाबरले. आता त्याला अंधेरीच्या सरळ रिंगची सवय झाली असणार. नाकासमोर नेम धरला, तर चेंडू माझ्या कडेवर आपटून परत जाणार, आणि लोक म्हणणार, वाकडीच ती!

त्याने डोळे बारीक केले आणि बोटभर उजवीकडे नेम धरला.

चेंडू माझ्यात कसा शिरला ते मला कळलंच नाही. रेवतीची आनंदाची आरोळी तेवढी ऐकली.

नवी रिंग मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली. हर्षद अजूनही म्हणतो, मूळ कारण एसीच. असेलही, मला काय कळतंय! पण त्या दिवशी भाऊराव शिडी लावून स्वतः वर आले. त्यांनी माझी माळ नीट केली, गंजावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "काय गं, झेपेल ना अजून? राहशील ना?"

इतक्या वर्षांत मला हे कोणीच विचारलं नव्हतं. मित्रांनो, लोखंडाला हो म्हणता येत नाही. तुमच्या घरातल्या माणसांना येतं. त्यांना एकदा विचारा.