वडीगोद्रीचा फलाट

"काल बराबर थांबलं होतं. आज पुन्हा फलाट सोडून गेलं. ह्याच्यापेक्षा बैलगाडी बरी." गजाननराव इंजिनाच्या कानाशी लागल्यासारखे वाकून पुटपुटले.

शेजारी मेथी निवडणाऱ्या त्यांच्या पत्नीला, शैलाताईंना, ते ऐकू आलं. त्यांनी एक काडी मोडली. मान वर केली नाही.

जेवणाच्या टेबलावर हल्ली जेवण होत नसे. तिथं रूळ होते, सिग्नल होते आणि पुठ्ठ्याचं स्टेशन होतं: वडीगोद्री. चौतीस वर्षं मालगाड्या हाकल्या, पण स्वतःच्या गावाला काही रेल्वे गेली नाही. म्हणून निवृत्तीनंतर गजाननरावांनीच ती नेली. फलाटाच्या कडेला ज्वारीचा एक दाणा चिकटवला होता. इंजिनाचं नाक त्या दाण्याशीच थांबायला हवं. त्यासाठी कंट्रोलरमध्ये ब्रेकचा आकडा भरावा लागे. आकडा मोठा, तर गाडी घरंगळत लांबवर जाते. लहान, तर गचकन थांबते. अठरा हा आकडा त्यांनीच महिनाभर खपून शोधला होता.

"बाबा, इंजिनच खराब झालंय," पुण्याहून आलेली अंतरा म्हणाली. "मी नवीन मागवते."

"जुनंच झालं की ते," शैलाताईंनी लगेच री ओढली.

डॉक्टरांचा कागद कपाटात साड्यांच्या खाली होता. त्यातला शब्द घरात अजून कुणी उच्चारला नव्हता. शैलाताईंना मोबाइलचा गजर लावता येत नसे. पण रोज दुपारी गजाननराव झोपले, की त्या चष्मा लावून कंट्रोलरमध्ये अठरा भरून ठेवत.

"सिग्नल हिरवा," गजाननराव मोठ्यानं म्हणाले.

ही त्यांची नोकरीतली सवय. एकानं सिग्नल सांगायचा, दुसऱ्यानं तो तसाच परत म्हणायचा. दुसरा गप्प राहिला, तर पहिल्याचा हात ब्रेकवर. घरात दुसऱ्याचं काम शैलाताईंकडं होतं.

"हिरवा," त्या म्हणाल्या.

"सिग्नल पिवळा."

"पिवळा."

गजाननरावांनी वेगाचं बटण शून्यावर आणलं. इंजिन दाण्यापुढून निवांत घरंगळत गेलं आणि लोणच्याच्या बरणीला जाऊन टेकलं.

"बघा, म्हणूनच म्हणते..." अंतरानं सुरुवात केली.

"इंजिन बिलकुल चांगलं हाय." गजाननरावांनी ते उचललं, जुन्या धोतराच्या फडक्यानं त्याची चाकं पुसली आणि परत रुळावर ठेवलं. "काल दुपारी मी जागाच होतो, शैला. तू अठरा भरला. संध्याकाळी मी पुन्हा दुसराच आकडा भरला. काय भरला, ते सकाळधरनं आठवून राह्यलो. आठवंना."

अंतरा खिडकीबाहेर बघू लागली.

गजाननरावांनी हात बटणावर ठेवला. नजर समोर, रुळावर.

"मी विसरून राह्यलो," ते म्हणाले. सिग्नल सांगावा तसं, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा. आणि थांबले.

मेथीची जुडी शैलाताईंच्या मांडीवरून घसरून खाली गेली. ती त्यांनी उचलली नाही. गजाननरावांचा हात अजून बटणावरच होता.

"विसरून राह्यलात," शैलाताई म्हणाल्या.