फितीचा पहिला मीटर

हंगामाच्या पहिल्या दिवशी मैदानामागच्या खोलीत सतरा हॉकी स्टिक होत्या. त्यातल्या तीन फुटलेल्या, एक मधोमध वाकलेली. चेंडू एक्केचाळीस, पैकी सहा अगदी झिजलेले. गोलकीपरच्या पायांचे चार पॅड, पण त्यातले तीन डाव्या पायाचे. चौदा प्लास्टिकचे शंकू, एक शिट्टी, पांढऱ्या रंगाचे अडीच डबे आणि तीस मीटरची एक कापडी फीत, जिचा पहिला मीटर नव्हता. अकरा वर्षांपूर्वी तो गवत कापायच्या यंत्रात गेला होता. तेव्हापासून फीत एकच्या आकड्यापासूनच सुरू व्हायची.

हे सगळं मी वहीत उतरवलं, कारण संघाचे आकडे ठेवणं हे माझं काम होतं. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी घरी बसले होते. नोकरीची पत्रं येत नव्हती आणि वहिनी म्हणाली, "घरात डाळीचे दाणे मोजत बसण्यापेक्षा मैदानावर चल, तिथे तरी उपयोग होईल."

वहिनी या संघाची मधली हाफ. वय तेहेतीस. दिवसा एका दंतवैद्याच्या कार्यशाळेत कवळ्या बनवते. गेल्या हंगामात पाचव्या सामन्यात तिचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी व्यायाम करायला परवानगी दिल्यावर सात महिने ती रोज पहाटे आमच्या इमारतीचे चार मजले वीस वेळा चढत-उतरत होती. माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. तो म्हणायचा, "अगं, माझी बायको सारखी जिन्यानं जाते. लोकांना वाटतं मला लिफ्ट दुरुस्त करता येत नाही."

गेल्या वर्षी संघ चौदा सामने खेळला. दोन जिंकले, तीन बरोबरीत सुटले, नऊ हरले. गोल केले अकरा, खाल्ले सदतीस. खालच्या गटात जाता जाता वाचलो. म्हणून यंदा नवा कोच आणला आणि सचिवसाहेबांनी पहिल्याच बैठकीत 'नवी बांधणी' जाहीर केली. हा शब्द त्यांनी त्या बैठकीत एकोणीस वेळा उच्चारला. मी मोजत होते.

जुन्या वह्यांतून मीही एक अंदाज काढला होता. वहिनी होती त्या पाच सामन्यांत आपण सात गोल खाल्ले आणि जिंकलेले दोन्ही सामने त्या पाचातले. ती नव्हती त्या नऊ सामन्यांत तीस. पाच सामन्यांवरून फार काही ठरवू नये हे मला कळतं. पण ती परत आली तर संघ तरण्याची शक्यता आहे, एवढं म्हणायला ते पुरेसं होतं.

संघात येण्यासाठी धावण्याची चाचणी होती. दोन रेषा, मध्ये वीस मीटर. ध्वनिफितीवर टुक्‌ आवाज होतो, त्याआधी समोरच्या रेषेला पाय लागला पाहिजे. दर टप्प्याला आवाज जवळ जवळ येत जातात. सलग दोनदा मागे पडलात की बाद. ऐंशी फेऱ्या झाल्या पाहिजेत, असा नियम.

सोमवारी तेवीस जणी धावल्या. फेऱ्या मीच लिहिल्या. वहिनी एकाहत्तरला थांबली. शेवटच्या दोन्ही वेळा रेषा तिच्यापासून एका पावलावर होती. ती गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, मग माझ्याकडे न बघता पाण्याच्या नळाकडे गेली. गुडघा जाण्याआधी तिच्या शहाऐंशी फेऱ्या व्हायच्या.

मंगळवारी संध्याकाळी संघाची यादी लागली. तेवीसपैकी ऐंशीपेक्षा कमी फेऱ्या झालेल्या सात जणी होत्या. त्यातल्या सहा वीस वर्षांच्या आतल्या. त्यांच्या नावांपुढे लिहिलं होतं, 'भविष्याचा विचार करून सूट.' सातव्या नावावर रेघ मारलेली होती.

मी ती यादी तीनदा वाचली. नियम आहे तर सातही जणींना लावा. सूट आहे तर सातही जणींना द्या. सहा जणींना सूट आणि एकीला नियम, याला बांधणी म्हणत असतील तर पाडणं कशाला म्हणायचं?

वहिनीनं मात्र घरी येऊन स्टिक माळ्यावर टाकली आणि म्हणाली, "असू दे गं. वय झालं."

बुधवारी मी चाचणीच्या वह्या समोरासमोर ठेवल्या. तेवीसपैकी पंधरा जणी गेल्या वर्षीही धावल्या होत्या. पंधराच्या पंधरा जणींचा आकडा उतरला होता, सगळ्यांचा आठ ते पंधरांनी. एकीला ताप असेल, दुसरीची झोप झाली नसेल. पण पंधरा जणी एकाच सकाळी एकाच मापानं दमतात, हे मला पटेना. हे सोमवारीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी मान खाली घालून आकडे लिहीत राहिले. त्याचा राग अजून आहे.

आधी ध्वनिफीत तपासली. तिच्या सुरुवातीला एका मिनिटाच्या अंतरानं दोन खुणेचे आवाज असतात. घड्याळ लावलं. साठ सेकंद, बरोबर. मग गुरुवारी सकाळी दादाच्या पेटीतली पाच मीटरची पोलादी टेप घेऊन मैदानावर गेले. रंगाच्या रेषा अजून तशाच होत्या. गुडघ्यांवर रांगत तीनदा मोजलं. एकवीस मीटर दोन सेंटिमीटर. एकवीस मीटर दोन. एकवीस मीटर एक.

मैदान सांभाळणारे काका झारीनं पाणी घालत होते. त्यांना म्हटलं, "काका, सोमवारच्या रेषा कशा आखल्या होत्या?"

"कोचसाहेबांनी चिठ्ठी दिली, तशा."

"काय लिहिलं होतं?"

काकांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'फितीवर २१ ला खूण.'

"मग तुम्ही एकवीसला केलीत ना?"

"एकवीसला कशी करेन?" काका माझ्याकडे, मी पदवी कुठून आणली असं बघत म्हणाले. "फितीचा पहिला मीटर नाही की! कागदावर असेल त्यात एक मिळवायचा. अकरा वर्षं मिळवतोय. बावीसला केली."

मी तिथेच गवतात बसले. कोच नवीन होता. आल्या आल्या त्याला प्रत्येकानं एकच गोष्ट बजावली होती, फितीत एक मिळवा. त्यानं वीसमध्ये एक मिळवून एकवीस लिहिलं. काकांनी एकवीसमध्ये एक मिळवून बावीस केलं. दोघांनी एकच चूक आपापली दुरुस्त केली होती.

काकांच्या हातातली झारी तिरकी झाली, पाणी त्यांच्या चपलांवर सांडत राहिलं. "म्हणजे पोरी एक मीटर जास्त पळाल्या?"

"दर फेरीला."

"तुझी वहिनीसुद्धा?"

मी मान हलवली. काकांनी झारी खाली ठेवली, चिठ्ठी माझ्या हातात दिली. "जा. आधी कोचला दाखव. माझं नाव सांग, लपवू नकोस."

कोचनं चिठ्ठी वाचली, स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "तू सचिवांकडे पुढे हो. मी सामान टाकून आलोच."

सचिवसाहेबांच्या खोलीत काचेच्या कपाटात नऊ चषक होते. सगळ्यात नवा चौदा वर्षांपूर्वीचा. मी सगळं सांगितलं. ते चहाचा कप खाली न ठेवता ऐकत होते.

"सगळ्यांनाच एकवीस होतं ना? मग अन्याय कुणावर?"

"ऐंशीचा आकडा वीस मीटरसाठी ठरवलाय, साहेब."

"बरं." त्यांनी गणकयंत्र पुढे ओढलं. "एकाहत्तर गुणिले एकवीस, भागिले वीस. चौऱ्याहत्तर पूर्णांक पंचावन्न. ऐंशीला साडेपाच कमी. तुझ्याच हिशोबानं वहिनी बाहेर. झालं समाधान?"

त्यांचं ते हसू मला आजही आठवतं. गुणाकार बरोबर होता, आणि तरी उत्तर साफ चूक होतं.

"असा हिशोब होत नाही," मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दिला. "आवाज ठरलेल्या वेळेलाच होतो. अंतर वाढलं तर प्रत्येक फेरी पाच टक्के जास्त वेगानं पळावी लागते. आठव्या टप्प्यात ती नवव्या टप्प्यापेक्षा जास्त वेगानं पळत होती. माणूस नुसत्या अंतरानं नाही दमत, वेगानं दमतो."

"शिकलेल्या मुलींचं हेच. हवं ते सिद्ध करून दाखवतात."

"म्हणून तर सिद्ध करत नाहीये. परत मोजा म्हणतेय. वीस मीटर आखा आणि पळू द्या तिला."

"उद्या प्रत्येक जण उठून परत पळायचं म्हणेल. यादी लागली म्हणजे लागली. आपल्याला नव्या बांधणीत पुढचं बघायचंय."

"सहा जणींचं भविष्य बघितलंत ना? ते कशानं मोजलंत? त्याच फितीनं?"

कप बशीवर आपटला. तेवढ्यात दार ढकलून कोच आत आला. बहुतेक बाहेरूनच ऐकत होता, कारण बसला नाही.

"चूक माझी आणि काकांची, निम्मी निम्मी," तो म्हणाला. "शनिवारी दुपारी बाराला यादी मंडळाकडे द्यायची आहे. तिच्यावर माझी सही लागते. चाचणी परत झाल्याशिवाय मी करणार नाही."

सचिवसाहेबांनी चषकांकडे बघितलं. मग म्हणाले, "शनिवारी सकाळी नऊ. ती एकटी पळेल. टेपचं टोक मी धरणार. आणि एकोणऐंशी झाल्या तर तू परत या खोलीत यायचं नाहीस."

"ऐंशी झाल्या तर?"

त्यांनी बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

मी तशीच कवळ्यांच्या कार्यशाळेत गेले. वहिनी दिव्याखाली एका कवळीचा दात कोरत होती. मी बोलत गेले तशी तिची कोरणी थांबली.

"वन्सं," ती म्हणाली. ती मला वन्सं म्हणते तेव्हा चिडलेली असते. "तुम्हाला माझं वकीलपत्र कुणी दिलं?"

"अगं, पण अंतर—"

"अंतर कळलं मला. तीन दिवस मी काय मानून बसलेय माहितीये? की माझे पाय संपले. स्टिक माळ्यावर टाकली, बूट पिशवीत बांधले, कुणाला देऊ याचा विचार करत होते. सात महिने जिना चढले आणि त्या दोघांच्या बेरजेनं मला म्हातारं केलं?" तिनं कवळी बाजूला ठेवली. "आणि तू काय करत होतीस? लिहीत होतीस. एकाहत्तर. किती सुवाच्य!"

मी वही पिशवीत कोंबली.

कोरणी परत उचलत ती म्हणाली, "किती वाजता म्हणाला गं तो माणूस?"

"नऊ."

"तुझ्या दादाला सांग, माळ्यावरून स्टिक काढ. पळायला लागत नाही, पण ती तिथे नको."

शनिवारी सकाळी हवा कोरडी होती, तापमान एकवीस अंश, वारा जवळपास नाही. सचिवसाहेबांनी पोलादी टेपचं टोक स्वतः धरलं. चार वेळा पाच मीटर. काका ब्रश घेऊन वाकले आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "एक मिळवायचा ना?"

"नाही!" आम्ही चौघांनी एकदम म्हटलं. वहिनी हसली. सोमवारनंतर पहिल्यांदाच.

ती रेषेवर उभी राहिली तेव्हा फाटकातून चिमणी आली. चिमणी म्हणजे आमची एकोणीस वर्षांची डावी फॉरवर्ड, सूट मिळालेल्या सहांपैकी एक. तिच्या मागून बाकीच्या पाच. बूट बांधूनच आल्या होत्या.

"आम्हालाही पळायचंय," चिमणी म्हणाली. "आमच्या नावापुढचं ते सूट-बिट काढून टाका. वर्षभर टोमणे कोण ऐकणार?"

"एकटीचं ठरलं होतं," सचिवसाहेब म्हणाले.

"रेषा चांगली लांब आहे," कोच म्हणाला. "सात जणी मावतील."

वहिनीनं डावीकडे सरकून जागा केली. "ये गं. पण माझ्या वाटेत आलीस तर तुडवीन."

आवाज सुरू झाला. मी एका बाजूला, सचिवसाहेब दुसऱ्या बाजूला, दोघांच्या हातात वही. चाळीस फेऱ्यांपर्यंत पोरी बडबडत होत्या. साठाला फक्त श्वास आणि बुटांचा आवाज. अडुसष्टला एक थांबली. एकाहत्तरला मी वहीवरून मान वर केली. वहिनीचा पाय रेषेला लागला होता, आवाज त्यानंतर झाला. पंचाहत्तरला आणखी एक थांबली. अठ्ठ्याहत्तरला वहिनी मागे पडली, आवाज आधी झाला. चिमणी वळता वळता ओरडली, "वहिनी, शेवटचं पाऊल मोठं टाका!" तिनं टाकलं. एकोणऐंशीला आवाजाच्या जेमतेम आधी पोचली. काका ब्रश हातात धरून उभे होते, रंग गवतावर टपकत होता.

ती थांबल्यावर मी माझी वही सचिवसाहेबांच्या वहीशेजारी धरली. दोन्हींत एकच आकडा होता.

अंतर : २० मीटर ० सेंटिमीटर. फेऱ्या : ८१.