लेकीच्या घरचा घास

दिनकरला सासूबाईंची भीती वाटायची असं नाही. भीती वाटायची ती आपल्या हातून त्यांचा काही अवमान होईल याची. हरिप्रिया, म्हणजे त्याची बायको, कंपनीच्या कामासाठी महिनाभर अमेरिकेला गेली, आणि जावयाचे जेवणाचे हाल नकोत म्हणून सईबाई तंजावरहून लेक-जावयाच्या पेरुंगुडीतल्या फ्लॅटवर येऊन राहिल्या. घरात आता सासू आणि जावई, दोघंच. दोघंही अबोल. सकाळी ऑफिसला निघताना तो “येतो” म्हणायचा, त्या दारातून मान हलवायच्या.

आणि सईबाई जेवत नव्हत्या.

म्हणजे स्वयंपाक साग्रसंगीत करायच्या, त्याला आग्रहाने वाढायच्या, पण स्वतः ताकभाताचे चार घास कसेबसे गिळून, पदर तोंडाशी धरून उठायच्या. त्याने विचारलं की “पुरे झालें” एवढंच. दुसरा कुणी असता तर बरं वाटत नाही का, म्हणून सरळ विचारून मोकळा झाला असता. पण दिनकर पडला पुस्तकातला माणूस. प्रत्येक गोष्टीचं कारण त्याला आधी सुचायचं, आणि मग विचारायचं राहूनच जायचं.

त्याला आठवली कऱ्हाडची आत्या. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, हा नेम तिने इतका कडक पाळला होता की लेकीकडे जाताना पाण्याचा तांब्याही घरून न्यायची. हरिप्रियाला अजून मूल नव्हतं. तंजावरच्या मराठ्यांनी महाराष्ट्रात विसरलेल्या जुन्या चाली जपून ठेवल्या आहेत, असंही त्याने कुठेसं वाचलं होतं. झालं, कोडं सुटलं. ताकभात त्या घेतात तो केवळ आपलं मन राखायला. अशा नेमाच्या बाईला आग्रह करून भरीला घालायचं नाही, असं त्याने ठरवलं.

तरी जीव राहीना. मग त्याला वाट सापडली. बाहेरून विकत आणलेलं काही लेकीच्या चुलीवरचं नव्हे. संध्याकाळी येताना तो कोपऱ्यावरच्या दुकानातून मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, आणि चांगली जाड, कडक तट्टै, म्हणजे तांदळाच्या पिठाची तळलेली पुरी, घेऊन आला आणि पुडा त्यांच्यापुढे ठेवला. सईबाईंनी त्या पुड्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. दिनकरला वाटलं, आपण नेमकं ओळखलं.

शनिवारी सकाळी तो दात घासायला गेला तर बेसिनच्या कडेला रक्त होतं. थोडं नव्हतं. बाहेर सईबाई खुर्चीत बसल्या होत्या, तोंडाला टॉवेल लावून, आणि टॉवेलही लाल झाला होता. लपवायला आता काही उरलं नव्हतं. तोंड अर्धवट मिटलेलं ठेवूनच त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. खालच्या दाढेजवळच्या हिरडीला बोराएवढा फुगा आला होता. काही चावलं की तो दाताखाली यायचा आणि रक्त सुरू व्हायचं. हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या होत्या. मागे एकदा एक दाढ काढली तेव्हा रक्त थांबता थांबेना, शेवटी दवाखान्यात भरती व्हावं लागलं. तेव्हापासून दातांच्या डॉक्टरची पायरी चढायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. हरिप्रियाला कळलं असतं तर तिने जाणं रद्द केलं असतं. आणि जावयापुढे तोंड उघडून हिरडी कशी दाखवायची?

दिनकरला तो पुडा आठवला. या बाईला आपण तट्टै आणून दिली.

मैलापूरला डॉ. पूंगोदै नावाच्या दातांच्या डॉक्टर होत्या. ऑफिसातल्या एकाने त्यांचं नाव सांगितलं होतं. नुसतं दाखवून येऊ, असं म्हणत तो सईबाईंना तिथे घेऊन गेला. त्यांनी फुगा पाहिला, गोळ्यांचं नाव विचारलं आणि सईबाईंच्या हृदयाच्या डॉक्टरांशी तिथूनच फोनवर बोलल्या. गोळ्या बंद करायच्या नाहीत, पण आधी रक्त तपासायचं, असं ठरलं. तपासणी ठीक आली तर सुरीऐवजी लेझरने फुगा काढता येईल. लेझर कापतो तिथेच भाजून रक्तवाहिन्या मिटवत जातो, टाकेही बहुधा लागत नाहीत. हे त्यांनी सईबाईंना तमिळमध्ये आणि दिनकरला इंग्रजीत सांगितलं. रक्त येणारच नाही का, असं सईबाईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, थोडं येईल, पण ते थांबवायची तयारी आहे. सईबाईंना ते खरं बोलणंच बहुधा पटलं, कारण त्या हो म्हणाल्या.

रिपोर्ट ठीक आला. सोमवारी दिनकरने रजा टाकली. डॉक्टरांच्या खोलीत जाताना सईबाईंनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं, आणि खुर्चीत बसल्यावर आतूनच हाक मारली, “जांवई, या.”

डोळ्यांना इजा नको म्हणून खोलीतल्या सगळ्यांनाच रंगीत काचांचे चष्मे लावले. हिरडी बधिर केली. पेनासारखी एक बारीक दांडी डॉक्टरांनी तोंडात नेली. यंत्र बारीक आवाजात पीप पीप करत होतं, जळकट वास येत होता. सईबाईंनी खुर्चीचा हात सोडून दिनकरचं मनगट धरलं. त्याने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा काम संपलं होतं. फुगा एका छोट्या बाटलीत होता. दिसतो साधाच, पण नेहमीप्रमाणे तपासायला पाठवू, असं डॉक्टर म्हणाल्या.

आता कापसाचा बोळा दाबून अर्धा तास बाहेर बसायचं होतं. रक्त थांबतं की नाही ते त्यानंतरच कळणार. सईबाईंना बोलायची बंदी होती. समोरचा माणूस उत्तर देऊ शकत नाही म्हटल्यावर दिनकरला धीर आला असावा. त्याने सगळं सांगून टाकलं. आत्या, पाण्याचा तांब्या, लेकीच्या घरचं अन्न, म्हणून मुरुक्कू.

सईबाईंचे खांदे हलायला लागले. मग त्यांनी पदरात तोंड घातलं. दिनकर घाबरून उठला आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी बोळा काढून पाहिलं. एक फिकट गुलाबी डाग, बाकी कोरडं. रक्त थांबलं होतं. हसल्यामुळे डोळ्यांतून पाणी वाहत होतं, एवढंच.

दिनकर पुन्हा त्यांच्या शेजारी येऊन बसला.

“जांवई,” सईबाई जड जिभेने म्हणाल्या, “तुमचें वाचन अस्की, सगळेंच, असेंच कां?”

“चुकलं आई.”

“नातवाची वाट पाहत मी उपाशी बसलें असतें, तर तुम्हां दोघांच्या घरी आजवर मेलें असतें.”

दिनकर कानापर्यंत लाल झाला. डॉक्टरांना मराठी कळत नव्हती, तरी त्याही हसल्या.

बधिरपणा उतरल्यावर गार आणि मऊ काहीतरी खा, असं सांगितलं होतं. घरी येऊन दिनकरने सासूबाईंना स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही. भात गिचका शिजवला, निववला, दह्यात कालवला. मीठ जरा कमीच पडलं. त्या दुसऱ्या बाजूने सावकाश चावत खात होत्या आणि मधूनमधून जीभ नेऊन हिरडी चाचपत होत्या. रक्ताची चव नव्हती.

फोन वाजला. हरिप्रियाचा होता, तिकडे नुकतं उजाडलं असणार. दिनकर उठायच्या आत सईबाईंनी फोन घेतला आणि बोलायला लागल्या. लेझर, चष्मे, जळका वास, सगळं सगळं. त्या इतकं बोलतात हे त्याला माहीतच नव्हतं. मध्येच फोनवर हात ठेवून त्यांनी रिकामी ताटली त्याच्यापुढे सरकवली.

“आणखी घाला,” त्या म्हणाल्या. “आणि ह्या वेळीं मीठ.”