भूमिकाच्या नऊ वजाबाक्या

प्रियंका मॅडमनी चाचणीचा कागद पुढे सरकवला आणि बाबुराव आबांचं पित्तच खवळलं.

"वजाबाकी दुसरीच्या पोरांएवढी? माझ्या नातीची? मॅडम, तुमच्याच कागदात काहीतरी गडबड आहे!"

रंजितानं सासऱ्यांची बाही हळूच ओढली. पण ते ऐकतात होय! तीस वर्षं कागद कारखान्यात गठ्ठे मोजलेला माणूस. पाचशेच्या गठ्ठ्यात एक कागद कमी असला तर नुसत्या बोटानं ओळखायचे म्हणे. दोन वर्षांपूर्वी भूमिकाला शाळेत फिट यायला लागल्या, पोरं फिदीफिदी हसायला लागली, तेव्हा याच माणसानं पाटी विकत आणली आणि जाहीर केलं, "पोरगी घरीच शिकेल. मी आहे ना!" आणि शिकवलंही हो, अगदी जीव ओतून. जैनाबादच्या त्या घरात रोज दहाच्या ठोक्याला आबांची शाळा भरायची. घंटा म्हणजे ताटावर चमचा. "हातचा घेतला की परत द्यायचा!" हे तर शेजारच्या गोदाबाईलाही पाठ झालं होतं.

रंजितानं तेव्हा एकच अट घातली होती. दर चार महिन्यांनी तापी ओलांडून बुऱ्हाणपूरला यायचं आणि मॅडमकडून चाचणी करून घ्यायची. पास-नापास नाही, पोरगी कुठवर पोचली आणि कुठं अडकली एवढंच कळायचं. अडकली तर घरची शाळा बंद आणि बाहेरच्या शाळेत नाव. आबा तेव्हा हसले होते. आता खरंच अडकली म्हणजे आबांची शाळा बंद होणार. सासूबाई गेल्यापासून त्या माणसाच्या दिवसात दुसरं होतं तरी काय?

"वाचन पाचवीच्या वरचं आहे," मॅडम समजावत म्हणाल्या. "बेरीज, पाढे एकदम पक्के. फक्त हातच्याच्या नऊ वजाबाक्या, त्या नऊच्या नऊ चुकल्यात, आणि त्याही एकाच तऱ्हेनं. हे बघा, बावन्नातून सत्तावीस गेले, पस्तीस. मागच्या वेळी हेच सगळं तिला येत होतं."

"मग पस्तीसच की!" आबा कडाडले. "द्या इकडे कोरा कागद. मीच सोडवून दाखवतो."

मॅडमनी दिला. आबांनी चष्मा पुसला आणि झरझर लिहून काढलं. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून, गठ्ठा तपासावा तसं एकेका ओळीवर बोट टेकवत खाली आले.

"बघा! नऊच्या नऊ जुळल्या. आता बोला!"

मॅडमनी हातातला लाल पेन गुपचूप ड्रॉवरमध्ये टाकला. रंजिताला एकेक आठवायला लागलं. गेल्या महिन्यात घराची चावी पिठाच्या डब्यात सापडली होती. गोदाबाईला आबांनी दोनदा सासूबाईंच्या नावानं हाक मारली होती. वय झालं म्हणायचं आणि सोडून द्यायचं! मेली अक्कल कुठं शेण खायला गेली होती तिची?

ती उठून बाहेर आली. भूमिका पायरीवर बसून चपलेचा पट्टा ओढत होती.

"बावन्नातून सत्तावीस गेले किती?"

"पंचवीस."

"मग कागदावर पस्तीस का लिहिलंस गं?"

भूमिकानं मान वर केलीच नाही. "दिवाळीनंतर आबा पस्तीस म्हणाले. मी म्हटलं, नाही, पंचवीस. तर त्यांनी पाटी आपटली. मग तोंड फिरवून रडले, मम्मी. म्हणे, मला आता काहीच येत नाही का गं? तेव्हापासून मी पस्तीसच लिहिते."

"अगं, पण इथं ते कुठं बघत होते?"

"चाचणीचा कागद घरी येतो ना. आबा चेक करतात."

रंजितानं तिला पोटाशी धरलं. नऊ वर्षांची पोर, आणि कळून-सवरून सगळा दोष अंगावर घेऊन बसलेली.

"मला शाळेत टाक मम्मी, चालेल," भूमिका पदरात तोंड घालून म्हणाली. "आबांना सांगू नको, प्लीज."

परतताना रिक्षा पुलावर आली तशी रंजितानं सांगून टाकलं, की आता फिट येत नाहीत, जुलैपासून पोरीला शाळेत घालू. आबांनी नदीकडे बघत विचारलं.

"माझं काय चुकलं, बेटा?"

"तुमचं काही नाही चुकलं, आबा. तिला मैत्रिणी पाहिजेत."

"पण जुळल्या होत्या ना सगळ्या?"

"जुळल्या होत्या."

जुलै उजाडला. पहिल्या दिवशी युनिफॉर्म घालून निघताना भूमिकानं पाटीवर पाच गणितं लिहिली. "आबा, हे तुमचं होमवर्क. संध्याकाळी चेक करते हं!" आबा खळखळून हसले. रंजिताला वाटलं, चला, निभावलं.

दहा वाजता ताटावर चमचा वाजला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, मग अजून एकदा, जोरात. रंजिताचे हात कणकेत होते. बाहेर जायचा तिला धीर झाला नाही.

संध्याकाळी भूमिका दारात आली तर आबा खाटेवर पाटी घेऊन बसलेले, चेहरा लालबुंद.

"ही काय वेळ झाली शाळेत यायची? दहापासून वाट बघतोय मी! तुझ्यासाठी गणितं लिहून ठेवलीत. चल, सोडव."

पाटीवर भूमिकाचंच अक्षर होतं. सगळ्यात वरचं गणित, बावन्न वजा सत्तावीस.

भूमिकानं आईकडे बघितलं. पंचवीस लिही गं, त्यासाठीच तर तुला शाळेत घातलं, असं रंजिताच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं पाटीवरची पेन्सिल तेवढी उचलून पोरीपुढे केली.

भूमिकानं दप्तर उतरवलं, आबांच्या शेजारी मांडी घातली आणि लिहिलं, पस्तीस.

"शाब्बास!" आबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "हातचा घेतला की परत द्यायचा. हे तुला कुठल्या शाळेत शिकवणार नाहीत."