पाताळातल्या नदीला औषधाचा वास

पाण्याच्या टाकीसमोरच्या मैदानात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. तलाव आटत चालला म्हणून नळाच्या पाण्याला जोड द्यायला पालिकेनं विंधनविहिरी खणायला घेतल्या होत्या, आणि पहिल्याच विहिरीला दोन पुरुष खोलीवरच पाणी! पंपाची जाड धार पाहून माणसं हात जोडत होती. धारेशेजारी खुर्ची टाकून पाताळबाबा बसले होते, मांडीवर लोखंडी सळई घेऊन.

सगळी करामत त्या सळईची. बाबा तिचं एक टोक जमिनीला टेकवायचे, दुसऱ्याला कान लावायचे आणि पाताळातल्या नदीशी गप्पा मारायचे. नदीही मोठी बोलकी. "म्हणते, किती वर्षं कोंडून घातलंय मला! वाट करून द्या, गाव न्हाऊ घालीन!" नदीला बाबांचीच भाषा येत होती, बाबांचाच हेल होता आणि मध्येच बाबांसारखा खोकलाही होता.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई हे सगळं कडेला उभ्या राहून पाहत होत्या. पालिकेचे अध्यक्ष त्यांचे सख्खे थोरले भाऊ. भूजल तपासणाऱ्यांनी टेकडीच्या पायथ्याची जागा दाखवली होती. तिथं विहीर झाली तर टेकडीवरच्या वस्तीची तहान भागणार होती. खोदाईची गाडी आणखी एकच विहीर खणून परत जायची होती, आणि ती कुठं खणायची हे दादा आत्ता जाहीर करणार होते. बाबांचं बोट बाजारपेठेकडे होतं. टेकडीवरचे नळ मात्र बाबांची विहीर लागल्यापासून नुसते सुस्कारे टाकत होते.

"चव तर बघ," दादांनी बहिणीच्या हातात पेला दिला. "साखर आहे साखर!"

बाईंनी पेला नाकाशी नेला. "दादा, पाताळातल्या नदीत जंतुनाशक कोण टाकतं रे?"

"झालं सुरू तुझं!"

त्यांनी पिशवीतून पाण्यातलं जंतुनाशक तपासायची बाटली काढली आणि पेल्यात दोन थेंब सोडले. पाणी पिवळं झालं. "हे पाणी शुद्धीकरण केंद्रातून आलंय. खाली मोठी जलवाहिनी फुटली आहे, तिची गळती उपसताय तुम्ही. त्या वाहिनीची चावी बंद करून बघ."

गर्दीत हशा पिकला. बाबा मंद हसले. दादांना बहिणीची खोड एकदाची मोडायची होती. "कर रे बंद," त्यांनी चावीवाल्याला फर्मावलं. "होऊन जाऊ दे हिची हौस."

चावीवाल्यानं रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरून जलवाहिनीची चावी फिरवली. धार जोरातच होती. लोक बाईंकडे बघून खिदळत होते. मग धार बारीक झाली, तिनं दोन उचक्या दिल्या आणि पंप कोरडा खडखडू लागला.

बाबा ताडकन उठले. "नास्तिकाची सावली पडली! नदी रुसली!"

"असं? मग चावी उघडली की रुसवा जातो का, तेही बघू," बाई म्हणाल्या.

चावी उघडली. नदीचा रुसवा गेला. धार पुन्हा उसळली, पण आता कुणी हात जोडले नाहीत.

"गळती शोधायला आम्ही अशीच सळई लावतो," चावीवाला मान खाली घालून म्हणाला. "वाहत्या पाण्याची सूं सूं ऐकू येते."

"म्हणून तर बाबांची नदी नळाच्या वेळेलाच बोलायची," बाई म्हणाल्या. "टेकडीवर चढायचं पाणी इथं गळतंय. तेच उपसून तुम्ही त्याला चमत्कार म्हणताय."

बाबांनी सळई काखोटीला मारली आणि शिव्याशाप देत वाट धरली. दादांचा चेहरा मात्र काळाठिक्कर पडला. चार लोकांत नाक कापलं गेलं होतं. "मिळालं समाधान? आता बाजारात नको आणि टेकडीलाही नको. गाडी आजच परत जाईल!"

खोटं उघडं पडलं होतं आणि त्याची शिक्षा टेकडीला होत होती. ज्या भावानं बोट धरून शाळेत नेलं, त्याचा त्यांना त्या क्षणी संताप आला.

तेवढ्यात टेकडीवरची एक म्हातारी रिकामी कळशी खाली ठेवून पुढं आली. धारेला हात जोडणाऱ्यांत सकाळी तीच पहिली होती. ती बाईंसमोर कमरेतून वाकली. "तुम्हीच खऱ्या हो! आता आमचं पाणी कुठं आहे, ते तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते खरं."

बाई दोन पावलं मागं सरल्या. एक बाबा गेला नाही तोच दुसरी बाई बसवायची तयारी! "मावशी, वाकू नका. माझंही नुसतं ऐकू नका. मला विचारा, कशावरून? थेंब कसले, पाणी पिवळं का झालं, पायथ्याशीच विहीर का, सगळं विचारा. त्या बाबाला एकानं जरी विचारलं असतं, तर तुमचा नळ कोरडा पडला नसता."

म्हातारीनं हळूहळू कंबर सरळ केली. मग वळून अध्यक्षांसमोर गेली. "साहेब, गाडी परत कशावरून?"

दादा काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," मागून कुणीतरी म्हणालं. टेकडीवरची माणसं एकेक करून म्हातारीच्या मागं येऊन उभी राहिली आणि खोदाईच्या गाडीची वाट अडली.