बहुमताने निरोगी

मेरेटे राव्हनकिल्डचं सगळं आयुष्य कुत्र्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावण्यात गेलं. पशुवैद्यांमध्ये ती हृदयाची डॉक्टर, आणि त्यातही मुख्यतः एकाच जातीची: लांब कानांचे, मांडीत मावणारे, बघून कुणालाही विरघळवणारे कुत्रे. या जातीत हृदयाची झडप तरुणपणीच सैल पडते, रक्त उलटं झिरपतं आणि ठोक्यांच्या मध्ये 'सूं' असा आवाज येतो. तो आवाज आजोबांकडून नातवंडांकडे कसा जातो, हे तिनं पिढ्यान् पिढ्या ऐकून सिद्ध केलं. संशोधनातून नियम निघाला एकच: पाच वर्षांच्या आत आवाज आला, तर कुत्रा पैदाशीला नाही. कुत्रे पाळणाऱ्यांच्या मंडळानं नियम मान्य केला, केक कापला आणि तिला सन्माननीय सभासद करून टाकलं. तरुण कुत्र्यांतला आवाज खरोखर कमी होऊ लागला होता.

मग बाल्थासार आला. वय तीन. जाईल त्या प्रदर्शनात पहिला. त्याच्या पिल्लांसाठी डेन्मार्कचा अर्धा युटलंड प्रांत ताटकळलेला. मेरेटेनं स्टेथोस्कोप ठेवला आणि 'सूं' ऐकलं. सोनोग्राफी केली, तर झडप गळताना दिसलीसुद्धा. हा पैदाशीला सुटला, तर तिचं आयुष्यभराचं काम दोन-तीन वेतांत धुऊन निघणार होतं.

बाल्थासारची मालकीण टोवे क्रोगागर हिनं वाद घातला नाही. बाल्थासारचं हृदय निरोगी आहे का, हा विषय तिनं थेट मंडळाच्या वार्षिक सभेत आणला. डेन्मार्कमध्ये विषय सभेत आला की संपलं. माणसं कॉफी ओततात, सभा चालवायला एकाला निवडतात आणि हात वर करतात. मंडळाच्या हॉलमधल्या पडद्यांचा रंग असाच ठरला होता.

"यावर मतदान कसं घेणार?" मेरेटेनं विचारलं.

"हात वर करून," सभा चालवणारा प्रेबेन म्हणाला. "गुप्त हवं असेल तर पेन्सिली आणल्यात."

"अरे, त्याची झडप गळतेय."

"हे तुझं मत झालं. नोंदवून घेतो."

"मत नाही, मी ऐकलंय ते."

"मग आम्हीही ऐकू की," मागून कुणीतरी म्हणालं, आणि ते सगळ्यांना फारच न्याय्य वाटलं.

बाल्थासार टेबलाटेबलावरून फिरला, त्याच्यामागून स्टेथोस्कोप. एकानं तो उलटा लावला आणि शांत वाटतंय म्हणाला. एका बाईला स्वतःचंच पोट ऐकू आलं. एका निवृत्त बँडवाल्यानं ताल चांगला असल्याचा निर्वाळा दिला.

"मेरेटे, राग मानू नकोस," टोवे म्हणाली, "पण स्वतःचे कान कधी तपासून घेतलेस गं?"

सभा मनापासून हसली. एकतीस विरुद्ध चार मतांनी बाल्थासारचं हृदय निरोगी ठरलं. दोघे तटस्थ राहिले, त्यांना दोन्ही बाजू पटत होत्या. मग प्रेबेननं डॉक्टरीणबाईंच्या थोर कार्यासाठी तीनदा हुर्रा म्हणायला लावलं. मेरेटेला उभं राहावं लागलं. टेबलाखाली बाल्थासार बसल्या बसल्या पेंगत होता आणि धावून आल्यासारखा धापा टाकत होता.

बाहेर गाडीपाशी टोवेनं तिला गाठलं. कुत्रा तिच्या काखेत होता.

"तुझ्याकडे त्या गोळ्या असतात ना? छातीतलं पाणी उतरवायच्या?"

"कशाला? निरोगी आहे तो."

"हृदय निरोगीच आहे गं. पण खोकतो. रात्रभर बसून असतो बिचारा, आडवा होत नाही."

"मघाशी का नाही बोललीस?"

"विषयपत्रिकेवर खोकला नव्हता."

मेरेटेनं तिथंच, गाडीच्या बॉनेटवर त्याला तपासलं. आता आवाज ऐकायला तिचीही गरज नव्हती. बोटं ठेवली तरी छातीत थरथर लागत होती. गोळ्या दिल्या नाहीत, तर तो गुदमरणार. दिल्या, तर तरतरीत होणार, आणि तरतरीत झाल्यावर त्याला कशाला वापरणार हे अख्ख्या सभेनं ठरवलेलं.

"गोळ्या देते. पण वसंतात त्याला कुत्रीवर सोडू नकोस."

"अगं, ते आता माझ्या हातात आहे का? सात कुत्र्या ठरल्यात. मंडळाचा निर्णय आहे."

बाल्थासारनं मेरेटेचा अंगठा चाटला. त्याला मताधिकार नव्हता. तिनं बॅग उघडली, गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळची मात्रा सांगितली आणि ती पाठ होईपर्यंत टोवेकडून म्हणवून घेतली.

"बघ," टोवेनं तिला घट्ट मिठी मारली, "म्हणून तर मंडळाला तू हवी असतेस."

टोवे बाजूला झाली, तेव्हा तिच्या मागे प्रेबेन उभा होता, काखेत त्याची कुत्री. त्याच्या मागे बँडवाला. त्यामागे थेट दरवाजापर्यंत, अजिबात ढकलाढकली न करता, निरोगी कुत्र्यांची रांग.

"माझीचं तसं काही नाही," प्रेबेन हळूच म्हणाला. "थोडी खोकते."

मेरेटेनं बॉनेट पुसलं आणि म्हणाली, "ठेव इथं."